वर्ग मिलिग्रॅम

सूचनाफलकावर तो कागद सकाळी पावणेआठला लागला, आणि आठचा भोंगा व्हायच्या आत तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

कागद चार ओळींचा. मशीन क्रमांक तीनवरच्या गोळ्यांच्या वजनात गेले तीन महिने प्रमाणाबाहेर तफावत आढळली आहे. विचलन १६ मि.ग्रॅ., मर्यादा ५ मि.ग्रॅ. सबब हलगर्जीपणाच्या कारणावरून मशीनचालकाला आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली मोठ्या साहेबांची लफ्फेदार सही. मशीनचालक म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. तो त्या वेळी फाटकावर पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होता, कारण त्याला आत सोडायचं नाही एवढंच पहारेकऱ्याला सांगितलं होतं. का सोडायचं नाही, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

"तिप्पट म्हणजे फारच झालं हो," पॅकिंगमधली एक बाई मागून म्हणाली.

"कशाच्या तिप्पट?" ती गर्रकन वळली.

"मला काय ठाऊक? पाच आणि सोळा. तिप्पटच की."

त्या बाईशी भांडण्यात अर्थ नव्हता. तरी ती भांडली. तिचा स्वभावच तसा. कारखान्यात तिला सगळे काटेबाई म्हणत, कारण एकोणीस वर्षं ती वजनकाट्याच्या खोलीत होती. पण एवढ्याच कारणाने म्हणत नाहीत, हे तिलाही कळत होतं आणि त्याचं तिला मुळीच वाईट वाटत नव्हतं.

कारखाना औषधाच्या गोळ्यांचा. तीन नंबरचं मशीन सगळ्यांत जुनं, त्याला कामगार म्हातारी म्हणायचे. म्हातारी खोकायची, तेल गाळायची, पावसाळी हवेत कुरकुरायची. पण काटेबाईचा भाऊ चौदा वर्षं तिच्यापाशी उभा होता. पावडर जरा कमी पडायला लागली की त्याला आवाजावरून कळायचं आणि दोन गोळ्या वाया जायच्या आत तो चाक फिरवून मोकळा व्हायचा. असल्या माणसाला हलगर्जी म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत तिखट घालावं, असं तिला वाटलं. पण साहेबांच्या खोलीचं दार दहाला उघडतं. तोवर ती आपल्या खोलीत जाऊन बसली, आणि तिने वही काढली.

सोळा हा आकडा तिला कुठेतरी भेटला होता.

तिचं काम असं. प्रत्येक मशीनवरून दर दोन तासांनी वीस गोळ्या यायच्या. काचेच्या पेटीतल्या काट्यावर चिमट्याने एकेक गोळी ठेवायची, वजन लिहायचं, सरासरी काढायची. मग प्रत्येक गोळी सरासरीपासून किती ढळली ते पाहायचं. कुणी वर, कुणी खाली. नुसती बेरीज केली तर वरचे आणि खालचे एकमेकांना खाऊन टाकतात आणि हातात शून्य उरतं. म्हणून प्रत्येक फरकाचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे, आणि नियमाप्रमाणे विसातून एक कमी, म्हणजे एकोणिसाने भागायचं. हे झालं प्रचरण. कारखान्यात सगळे व्हेरियन्स म्हणायचे. वहीत त्याच्या रकान्याचं डोकं असं: इंग्रजी एस, त्यावर छोटासा दोन, आणि शेजारी मि.ग्रॅ., त्यावरही छोटासा दोन. वर्ग मिलिग्रॅम. हे एकक काही काट्यावर ठेवता येत नाही. ते हिशेबापुरतं असतं. शेवटी वर्गमूळ काढलं की माणूस परत घरी येतो, साध्या मिलिग्रॅममध्ये. ते प्रमाण विचलन, म्हणजे एसडी. वहीत नुसता एस. डोक्यावर काही नाही.

दोन्ही रकाने हवेतच, असं तिच्या आधीच्या काटेवाल्या काकांनी तिला शिकवलं होतं. आठवड्यांची गोळाबेरीज करायची तर वर्गाच्या आकड्यांचीच करावी लागते, आणि शेवटी एकदाच मूळ काढावं लागतं. एसडींची थेट सरासरी काढली की उत्तर चुकतं. मूळ काढल्याशिवाय मात्र कुणाला काही दाखवायचं नाही, असंही काका म्हणायचे.

तिने पान उलटलं. मशीन तीन. एस, वर दोन: १६. शेजारच्या रकान्यात नुसता एस: ४.

चार. मर्यादा पाच. म्हातारी पास होती, चांगली ठणठणीत पास होती, आणि तिच्या भावाला वर्ग मिलिग्रॅमसाठी फाटकाबाहेर काढलं होतं.

ती उठली ती थेट ऑफिसात. साप्ताहिक फॉर्म तिथला कारकून भरायचा. त्याला सगळे टापटीप म्हणत. त्याच्या टेबलावरचे कागद काटकोनात असायचे आणि पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. तिने वही त्याच्यापुढे आपटली तेव्हा एक पेन्सिल घरंगळली, आणि त्याने आधी ती जागेवर ठेवली.

"हा सोळा कुठून उचललास?"

"तुमच्याच वहीतून, बाई." त्याने बोट ठेवलं. "हा काय."

"त्याच्या डोक्यावरचा दोन कुठाय?"

"तो होय!" टापटीप हसला. अगदी मनापासून हसला, बिचारा. "तो मी काढून टाकला. मला वाटलं तळटीपेचा आकडा आहे. पानाच्या खाली बघितलं, तळटीपच नाही. वहीभर शोधली, बाई, खरंच. म्हटलं, टीप नाही तर आकडा कशाला? शिवाय त्या दोनमुळे ओळींमधलं अंतर बिघडत होतं."

"अंतर बिघडत होतं."

"हो ना. आणि दोन काढल्यावर तुमच्या दोन्ही रकान्यांचं डोकं एकच झालं. नव्या फॉर्मात जागा एकाच रकान्याला. मग पहिला घेतला."

"आकडे वेगळे होते ना रे दोन्हीकडे! सोळा कुठे, चार कुठे!"

"मला वाटलं, दुसऱ्यांदा मोजलं असेल."

आपल्या कपाळावर हात मारावा की त्याच्या, हे तिला पटकन ठरवता येईना. एकोणीस वर्षं तिने तो इवलासा दोन टोकदार पेन्सिलीने, नीट, डोक्यावर, उजवीकडे लिहिला होता. आणि या गृहस्थाने ओळी सरळ दिसाव्यात म्हणून तो पुसला होता. तोही एकदा नाही, तेरा आठवडे. नियमांच्या पुस्तकात मर्यादेपुढे एसडीचं चिन्ह म्हणून ग्रीक सिग्मा छापला होता, त्याला तो आडवा पडलेला सहा समजला होता, हेही त्याने सांगून टाकलं. तेवढं त्याने नशिबाने कुठे टाइप केलं नव्हतं.

"माणसाची नोकरी गेलीय, कळतंय का तुला? तुझ्या सरळ ओळींपायी!"

टापटीपचं तोंड उतरलं. मग त्याने फाइल काढली आणि तिच्यापुढे उघडून धरली. तेरा फॉर्म. प्रत्येकाच्या तळाशी 'आकडे तपासले', आणि पुढे तिची सही. तेराच्या तेरा.

खोटं काहीच नव्हतं त्यात. दर शनिवारी टापटीप फॉर्म घेऊन यायचा, ती एका हातात वही धरून आकड्याला आकडा ताडून बघायची. सोळाला सोळा. बरोबर. कर सही. रकान्याच्या डोक्यावर काय छापलंय, शेजारी एकक कोणतं, उजव्या टोकाला मर्यादा किती, तिकडे तिची नजर कधी गेलीच नव्हती. मर्यादा बघणं ऑफिसचं काम. आणि ऑफिसचा नियम असा की फाइल तीन महिन्यांनी उघडायची.

तिने फाइल मिटली. सहीचं पुढे बघू, असं तिने मनाला बजावलं. आधी भाऊ.

मोठे साहेब विक्री खात्यातून वर चढलेले. आकडा वाढला की आनंद, घटला की दुःख, एवढीच त्यांची आकड्यांशी ओळख. तिचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी कागदावर बोट टेकवलं.

"बाई, सोळा मोठा की पाच?"

"कशातले सोळा ते विचारा ना, साहेब."

"सोळा म्हणजे सोळा."

"ही तुमची खोली बघा. भिंत चार मीटर, ही दुसरीही चार. फरशी किती झाली? सोळा चौरस मीटर. आता वायरमन पाच मीटर वायर घेऊन आला, आणि तुम्ही म्हणालात, अरे, खोली सोळा, तुझी वायर पाच, भिंतीला कशी पुरणार? तर तो तुम्हाला काय म्हणेल?"

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. मग फरशीकडे.

"पण वर्ग मिलिग्रॅम असलं एकक जगात असतं का?"

"दुकानात मिळत नाही, हिशेबात असतं. वर्गमूळ काढा, चार मिलिग्रॅम येतात. माझा भाऊ पास आहे. तुम्ही त्याला नापास केलंत, भिंतीवर लावलंत आणि चार माणसांत त्याची अब्रू घालवलीत. तो कागद आत्ताच्या आत्ता खाली उतरला पाहिजे."

तिचा आवाज बाहेरपर्यंत जात होता. ती भांडायच्या पूर्ण तयारीने आली होती, आणि साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं, पुढ्यातल्या गणकयंत्राची दोन-चार बटणं दाबली आणि एकदम हात जोडले. ठीक आहे म्हणाले. चूक झाली. दुपारी दोनला त्याला हजर व्हायला सांगा, दुरुस्त तक्ता तयार करतो, तुम्ही सही करा, तक्ता फलकावर लावू, तो मशीनवर. इतकं सोपं गेल्यावर तिला जरा चुकल्यासारखंच झालं. दार उघडायला जोर लावावा आणि ते आधीच उघडं असावं, तसं. तिने भावाला फोन केला. तो नुसतं "बरं" म्हणाला, आणि मागून भावजय फोन हिसकावून "वन्सं, तुम्ही होतात म्हणून हो!" म्हणत रडायला लागली. घरात कमावणारा तो एकटा. वय बेचाळीस, हातात एकाच मशीनची विद्या, आणि ते मशीन दुसऱ्या कुठल्या कारखान्यात आता उरलेलं नाही. तो पुन्हा कुठे लागणार होता?

दीड वाजता टापटीप तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावेन. विचार."

"तीन नंबरच्या ओळीत सोळाचे चार केले. पण मग तक्ता एकसारखा दिसत नाही. बाकीच्या ओळींचंही वर्गमूळ काढू का? साहेब म्हणाले, फक्त तीन नंबर. पण एकाच रकान्यात दोन जातीचे आकडे..." त्याला ते शारीरिक त्रासासारखं होत असावं.

"काढ की. सगळ्यांचंच काढायला पाहिजे. आण इकडे."

दोन नंबर ठीक निघालं. एक नंबर म्हणजे नवं मशीन. परदेशातून आलेलं, काचेच्या पेटीतलं. कामगार त्याला नवरीबाई म्हणायचे, कारण त्याच्याजवळ जायचं तर हात धुऊन जावं लागे. त्यावर वीस मिलिग्रॅमची इवलीशी गोळी निघायची. हृदयाचे ठोके नीट पडत नाहीत अशा लहान मुलांसाठी. मर्यादा अर्धा मिलिग्रॅम. तक्त्यात शेवटचा आकडा ०.४९. काठावर, पण आत. साहेबांनी नवरीबाईच्या चालकाला त्याबद्दल प्रशस्तिपत्र दिलं होतं.

टापटीपने गणकयंत्राचं बटण दाबलं. "हे बिघडलंय," तो म्हणाला.

"का?"

"मूळ काढल्यावर आकडा वाढला. ०.७ आला."

यंत्र बिघडलं नव्हतं. अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव. एकाच्या खालचा आकडा वर्ग केला की आक्रसतो, आणि मूळ काढलं की फुगतो. म्हातारीचा आकडा वर्गाने मोठा दिसला होता, नवरीबाईचा त्याच वर्गाने लहान. एकाच पुसलेल्या दोनाने निर्दोष माणसाला बाहेर काढलं होतं आणि सदोष गोळ्या आत घेतल्या होत्या. तिने मागची पानं उलटली. ०.३६, म्हणजे ०.६. ०.४२, म्हणजे जवळपास ०.६५. तेरा आठवड्यांत नवरीबाई एकदाही पास नव्हती. आणि हे सगळे आकडे तिच्याच वहीत, तिच्याच अक्षरात, शेजारच्या रकान्यात स्वच्छ लिहिलेले होते.

तेरा आठवड्यांचा माल अकरा रुग्णालयांत गेला होता.

ती साहेबांच्या खोलीत शिरली ती दार न वाजवता. साहेबांच्या पुढ्यात गणकयंत्र होतं आणि त्यावर ०.७ हा आकडा तसाच होता. म्हणजे ते सकाळीच कळलं होतं यांना. ती बोलत असतानाच यांनी बटणं दाबून पाहिली होती. म्हणून ते हात जोडणं, म्हणून ती घाई, म्हणून 'फक्त तीन नंबर'.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"बसा, बाई."

"नाही बसत."

"हे बघा. ०.५ ऐवजी ०.७. शून्य पूर्णांक दोनचा फरक. काट्याशिवाय कुणाला कळणार आहे का?"

"काटा मीच आहे ना? आणि गोळी केवढी, साहेब? वीस मिलिग्रॅम. हजारो गोळ्यांतल्या काही अठराच्या निघणार, काही बावीसच्या. घेणारं पोर दोन वर्षांचं. डॉक्टर त्याला तोलूनमापून मात्रा देतात आणि तुम्ही म्हणता, कुणाला कळणार आहे! ती मर्यादा काय कुणी गंमत म्हणून लिहिली?"

"पुढच्या आठवड्यात मशीन नीट करून घेऊ. गुपचूप. गेलेला माल गेला." साहेबांनी तक्ता तिच्याकडे सरकवला. तीन नंबर, ४ मि.ग्रॅ. एक नंबर, ०.४९ मि.ग्रॅ. टापटीपने दुरुस्त करायच्या आधीचा. "यावर सही करा. भाऊ बाहेर आलाय, गणवेश घालून. पाच मिनिटांत मशीनवर जाईल. नाहीतर मग चौकशी. चौकशी म्हणजे सगळंच बंद, म्हातारीसुद्धा. आणि चौकशीत पहिला प्रश्न तुम्हालाच येईल. तेरा सह्या कुणाच्या आहेत?"

तिने तक्ता उचलला आणि बाहेर आली.

भाऊ बाकावर बसला होता. दाढी केलेली, गणवेशाला इस्त्री. सकाळी हुज्जत घालताना फाटलेला खिसा भावजयीने घाईघाईने शिवलेला दिसत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, काही न लपवता. त्याने सही करायची जागा कुठे आहे ते पाहिलं.

"मग कर की."

"ऐकलंस ना मी काय म्हणाले ते?"

"ऐकलं. मशीन नीट करणार आहेत म्हणतोय ना तो साहेब. मग झालं तर."

"आणि गेलेल्या गोळ्या?"

"ताई, मी वाकडंतिकडं काही केलं नाही. माझं मशीन पास आहे. दुसऱ्याच्या मशीनपायी मी का घरी बसू? माझं काय चुकलं, ते सांग."

"तुझं काहीच चुकलं नाही."

"मग?"

"मग काय? मी खोट्यावर सही करू? अन् उद्या एखाद्या पोराला काही झालं म्हणजे?"

"खोट्यावर?" तो उठून उभा राहिला. आतापर्यंत तो दबक्या आवाजात बोलत होता, आता त्याचा आवाज चढला. "तेरा वेळा केलीसच ना? तेव्हा वाचलं का नाहीस? पहिल्याच शनिवारी वर डोकं करून रकान्याचं नाव वाचलं असतंस, तर मी आज इथे बसलो नसतो, आणि त्या गोळ्याही गेल्या नसत्या. सकाळपासून तू सगळ्यांवर ओरडत फिरतेयस. त्या कारकुनावर, साहेबावर. तुझ्यावर कुणी ओरडायचं?"

टापटीपला तो दोन कळला नव्हता. साहेबांना वर्ग कळत नव्हता. दोघेही अडाणी म्हणून सुटत होते. तिला मात्र दोन्ही कळत होतं, या इमारतीत फक्त तिलाच कळत होतं, आणि तिने बघितलं नव्हतं. तिला स्वतःचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही राग आला.

तिने खिडकीच्या कट्ट्यावर तक्ता ठेवला. ०.४९ वर आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, प्रमाण विचलन ०.७ मि.ग्रॅ., मर्यादेबाहेर. खाली लिहिलं, मागचे तेरा फॉर्म चुकीचे आहेत, रकान्याचं नाव आणि एकक न वाचता मी ते तपासल्याची सही केली. मग सही केली. भाऊ बघत राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

साहेबांनी तक्ता वाचला, आणि टेबलावरचा भावाला परत घेण्याचा हुकूम उचलून खणात टाकला. खण बंद केला. फाडला नाही, ओरडले नाहीत. "चौकशी होईपर्यंत कुणीही कामावर येणार नाही," एवढंच म्हणाले, "तुम्हीसुद्धा."

"येणार नाही. आधी माल परत बोलावून जाते."

"तो अधिकार तुम्हाला नाही."

"माल अडवायचा अधिकार वजनखोलीचा आहे, साहेब. तुमच्याच नियमांच्या पुस्तकात आहे. सिग्माच्या पुढच्या पानावर."

ऑफिसातला फोन तिला द्यायचा नाही असं साहेबांनी सांगितलं असावं, कारण टापटीप फोनसमोर उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, साहेबांच्या दाराकडे पाहिलं, आणि फोन उचलून काटकोनात तिच्यापुढे ठेवला. मग रुग्णालयांची फोन नंबरांसकट यादी काढून दिली, अकरा ओळी, सरळ रेषेत. तिचा चष्मा वजनखोलीत राहिला होता. यादीतली बारीक अक्षरं तिला दिसेनात.

कुणीतरी तिच्या हातातून यादी ओढून घेतली. भाऊ. तो तिच्याकडे बघत नव्हता. रागाने त्याचा जबडा हलत होता, आणि तो पुढचे कित्येक महिने तिच्याशी धड बोलणार नव्हता, हे तिला तेव्हाच कळलं. पण तो एकेक आकडा तोडून, शिवी दिल्यासारखा, वाचायला लागला. तिने फोन लावला.

पलीकडे कुणी तरुण मुलगी होती. मागे मुलं रडत होती, पाच-सहा तरी असावीत. काटेबाईने कारखान्याचं नाव सांगितलं, गोळीचं सांगितलं, कोणत्या आठवड्यांचा माल ते सांगितलं. देऊ नका म्हणाली, एकही गोळी देऊ नका, आहे तो सगळा बाजूला ठेवा, ज्यांना दिलीय त्यांना आजच बोलावून घ्या. पलीकडे लिहिण्याचा आवाज आला, मग थांबला.

"पण मालाबरोबरच्या कागदावर तपासल्याची सही आहे ना?" मुलीने विचारलं. "आम्ही ती बघूनच माल घेतो. आपण कोण बोलताय?"

"जिने सही केली, ती," ती म्हणाली.